हुरडीला घर पाहिजे, पण ज्या घरात दुसरं मांजर नाही असंच (परभणी)

वसमत_रोड
१७ एप्रिल, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. लांबडं होईल पण सगळं लिहिते, अर्धवट सांगून मांजर कुणाच्या गळ्यात मारायचं नाहीये मला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही वसमत रस्त्याकडच्या एका शेतात हुरड्याला गेलो होतो. आगटीपासून थोडं लांब, कडब्याच्या गंजीला टेकून एक भाटी बसलेली, मागचा उजवा पाय सुजलेला आणि जखमेत किडे. शेतवाले काका म्हणले चार दिवस झाले इथंच आहे, कुत्र्यानं धरली असंल. टॉवेलात गुंडाळून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात नेली. पाय वाचला. दातांवरून दोन-तीन वर्षांची असंल म्हणले. हुरड्याला सापडली म्हणून नाव हुरडी.

माणसाला इतकी लागट मांजर मी पाहिलेली नाही. पट्टी बदलताना दुखत असणारच, पण एकदा पंजा काढला नाही. ताप होता तेव्हा माझ्या हाताच्या तळव्यात तोंड घालून झोपायची. फेब्रुवारीत नसबंदीचं ऑपरेशन झालं, लसी झाल्या, जंताचं औषध झालं.

अडचण अशी की माझ्याकडं आधीची दोन आहेत. चिंगी ९ वर्षांची, गोट्या ४ वर्षांचा बोका, दोघांचीही ऑपरेशनं झालेली. आणि हुरडीला दुसरं मांजर डोळ्यासमोर नको. फिस्कारणं गुरगुरणं समजू शकते मी, ही तसं काही करत नाही, आवाज न करता सरळ जाऊन पडते अंगावर. चिंगीचा कान फाटलाय. चिंगी आता दिवसभर कपाटावर बसून राहते, खाली उतरत नाही, जेवण वर द्यावं लागायलंय, पोटावरचे केस चाटून चाटून टक्कल पाडलंय तिनं. गोट्या सारखा वाळूच्या ट्रेत जाऊन बसायलाय.

मिस्टर म्हणतात तिघींपैकी (गोट्यासकट) एकाला तरी सुख लागू दे. मी तीन दिवस रडले आणि आज ठरवलं, हुरडीला दुसरं घर बघायचं. परभणी, जिंतूर, सेलू, नांदेड, जालना, कुठंही मी स्वतः आणून सोडीन. खर्चाचं बघू.


नांदेडची_माय
१७ एप्रिल, रात्री ११.५२

ताई वाचून पोटात कालवलं. एक विचारू का, ओळख कशी करून दिली होती? आमच्या इथं बऱ्याच जणांचं असं होतं की दार उघडतात आणि म्हणतात घ्या मिटवून आपसात.


वसमत_रोड
१८ एप्रिल, सकाळी ७.१०

विचारा की, विचारायलाच पाहिजे. पहिल्यांदा तेच केलं मी, खोटं कशाला बोलू. पायाची जखम भरेपर्यंत मागच्या खोलीत वेगळी होती, नंतर वाटलं झालं आता, आणि दार उघडलं. दोन मिनिटांत चिंगीचा कान.

मग सगळं पहिल्यापासून. परत खोली वेगळी. हिच्या गालावरनं फडकं फिरवून ते त्यांच्या ताटलीखाली, त्यांचं फडकं हिच्या ताटलीखाली. बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जेवण, आधी चार हात लांब, मग हळूहळू जवळ. दिवसाआड खोल्यांची अदलाबदल. पंधरा दिवसांनी दाराला मच्छरजाळीची चौकट ठोकून घेतली सुताराकडनं. वाळूचे ट्रे चार केले, मांजरं तीन तर ट्रे चार असं वाचलं होतं. पाण्याची भांडी तीन जागी. प्लगला लावायचं ते फेरोमोनचं (मांजराला शांत वाटावं म्हणून वास सोडणारं) यंत्रसुद्धा मागवलं.

सात आठवडे. जाळीतनं चिंगी दिसली की हुरडी ताटलीतलं चिकन सोडून जाळीवर झेप घ्यायची. जेवणावर इतका जीव असलेली मांजर जेवण सोडतीय म्हणल्यावर मला कळायचं ते कळलं.


मोंढा_गाळा
१८ एप्रिल, सकाळी ९.३०

ताई रागावू नका, आमच्या आडतीवर मी लहानपणापासून मांजरं बघायलोय म्हणून सांगतो. एवढा जीवाला घोर लावून घेऊ नका. पोत्यात घालून मोंढ्यात आणून सोडा. सोयाबीन, तूर, हरभरा, उंदराला काय तोटा नाही, हमाल लोकं भाकरी टाकत्यात. आमच्या वडिलांच्या काळापासून लोकं असंच सोडत आलेत, जनावर आपलं आपलं जगतंय.


शहागंज_कॉर्नर
१८ एप्रिल, सकाळी १०.१५

मोंढावाले दादा, तुम्ही मनानं चांगले आहात हे तुमच्या लिहिण्यावरनं कळतंय, पण हे करू नका आणि कुणाला सांगूही नका.

मी संभाजीनगरची. आमच्याकडं मांजराला मान आहे, मांजरानं तोंड घातलेलं पाणी आमच्यात नापाक धरत नाहीत, आमच्या दादीच्या खाटेवर कायम एक तरी मांजर असायचं. तरी आमच्याच घरात १२-१३ वर्षांपूर्वी एक बोका बाकीच्यांना मारतो म्हणून अब्बूंनी धान्याच्या गोदामापाशी सोडला. तिथं उंदीर होते, पण तिथं आधीची मांजरंही होती ना. जिथं खायला आहे तिथं कुणाची तरी हद्द असतेच. मी तिसऱ्या दिवशी बघायला गेले तर तो एका ट्रकच्या खाली चाकापाशी चिकटून बसलेला, अंगभर ओरबाडलेला, मला ओळखून आला पण मी शाळेतली पोरगी, हातात डबा-दप्तर, उद्या अब्बूंना घेऊन येते म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी नव्हता. परत कधीच नव्हता.

आणि जिला दुसरं मांजर बघवतच नाही तिला दहा मांजरांच्या मोंढ्यात सोडायचं? कायद्यातही बसत नाही, १९६० चा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या ११ व्या कलमात पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा गुन्हाच धरलाय.


मोंढा_गाळा
१८ एप्रिल, दुपारी १.०५

ताई तुमचं वाचलं. दोनदा वाचलं. आमच्याकडं सोडलेली मांजरं आठ-पंधरा दिवसांनी दिसत नाहीत हे खरंय, आम्हाला वाटायचं गेली असतील पुढं कुठंतरी. असा विचार केला नव्हता. माझा आधीचा सल्ला मागं घेतो.


उदगीर_व्हेट
१८ एप्रिल, सायंकाळी ६.४०

मी उदगीरला व्हेटरिनरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अजून डॉक्टर झालेलो नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी घाईचं. गोट्या सारखा ट्रेत जाऊन बसतोय असं लिहिलंय ताईंनी. लघवी होतीय का नुसता जोर लावतोय? थेंब थेंब, ओरडणं, खालची जागा चाटणं? बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, ताणानं मूत्राशय सुजलं की ती तुंबू शकते. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. तसं असेल तर उद्यावर टाकू नका. पोट दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजराला ते विष आहे.

आता हुरडीचं. मांजर मुळात एकट्यानं शिकार करणारं जनावर. आपलं घरातलं मांजर ज्या रानमांजरापासून आलं ते आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं, ते कळप करून राहत नाही, स्वतःची हद्द राखतं. कुत्र्याचं गणित इथं लावून चालत नाही. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असताना ज्यांच्या सहवासात येतं ते त्याला पुढं आपले वाटतात. हुरडी त्या वयात माणसाच्या हाताखाली राहिली असणार, म्हणून माणूस इतका चालतो. बाकी मांजरांशी तिचा संबंध कसा आला कुणास ठाऊक, पण कडब्यापाशी जखमी होऊन एकटी पडलेली भाटी, तिला दुसरं मांजर म्हणजे आपल्या खाण्यावर आलेलं संकट वाटत असेल तर त्यात तिचा दोष काय.

गुरगुरणारं मांजर खरं तर भांडण टाळत असतं, लांब राहा म्हणून सांगत असतं. न बोलता अंगावर जाणारं बोलणी करायलाच तयार नसतं. पायात अजून दुखणं आहे का, दात किडलेत का हे एकदा तपासून घ्या, दुखण्यानंही जनावर चिडकं होतं. आणि चावाचावी झालीय तर तिघांचीही एफआयव्ही आणि ल्युकेमियाची (मांजरांचे विषाणूचे आजार, चाव्यातनं पसरू शकतात) रक्ततपासणी करून घ्या, नवीन घरी द्यायच्या आधी तर नक्कीच.


वसमत_रोड
१९ एप्रिल, पहाटे ३.१५

दादा तुमचं वाचलं आणि गोट्याच्या ट्रेत हात घालून बघितलं. वाळू कोरडी होती. सकाळपासूनची.

रात्री साडेआठला एका डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दवाखाना उघडला. नळी घातली, लघवी लाल होती. पूर्ण तुंबली नव्हती पण उद्या तुंबली असती म्हणले. आता सलाईन लावून घरी आणलाय, माझ्या पायाशी झोपलाय. मला वाटत होतं हा वाळू उकरून खेळायलाय.

तुमचे उपकार कसे फेडू.


लातूर_औसा_नाका
१९ एप्रिल, सकाळी ११.००

गोट्या बरा होऊ दे लवकर. पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. सात आठवडे म्हणजे फार नाहीत. माझ्या दोन भाट्यांना एका खोलीत बसायला आठ महिने लागले. आठ महिने आम्ही घरात दोन राज्यं चालवली, सकाळी हिची, संध्याकाळी तिची. आज एका खाटेवर झोपतात, पाठीला पाठ लावून नाही पण झोपतात. तुम्ही हुरडीला मरणाच्या दारातनं आणलं, आता दुसऱ्याकडं देताना तिला काय वाटेल याचा विचार केलाय का. मांजर घर बदललं की खचतं.


वसमत_रोड
१९ एप्रिल, सायंकाळी ७.३०

केलाय ताई. तोच विचार करून सात आठवडे काढले. तुमच्या दोघींना आठ महिन्यांत जमलं याचा आनंद आहे, आणि चिंगी तीन वर्षांची असती, गोट्याला कालची रात्र बघावी लागली नसती, तर मीही आठ महिने दिले असते. चिंगी ९ वर्षांची आहे. तिचे राहिलेत किती, त्यातलं एक वर्ष कपाटावर घालवायला लावू? आणि हुरडीसुद्धा सुखात नाही हो. चोवीस तास दाराच्या फटीशी नाक लावून पहारा करते. झोपतच नाही नीट.


उदगीर_व्हेट
१९ एप्रिल, रात्री ९.१०

लातूरच्या ताईंचं चूक नाही, खूप घरांत वेळ देऊन जमतं. पण त्यांच्या भाट्या गुरगुरत होत्या की झेप घेत होत्या, एवढा फरक बघावा. इथं एक मांजर खाणं सोडून हल्ला करतंय आणि दुसऱ्या दोघांना ताणाचे आजार झालेत. मी असतो तर घर बघितलं असतं.


नांदेडची_माय
२० एप्रिल, सकाळी ८.२०

ताई जाहिरात टाका इथंच. आणि प्लीज "थोडी शाय आहे", "हळूहळू ॲडजस्ट होईल" असलं काही लिहू नका. मी अशी एक मांजर आणली होती, पंधरा दिवसांत परत द्यावी लागली, ती गाडीत बसताना माझ्याकडं बघत होती ते अजून जात नाही डोळ्यापुढनं.


वसमत_रोड
२० एप्रिल, रात्री १०.००

लिहिलंय.

हुरडी. भाटी, अंदाजे अडीच वर्षं, पिवळी-पांढरी, शेपटीचं टोक वाकडं. नसबंदी झाली. तीन रोगांची एकत्रित लस आणि रेबीजची लस झाली. एफआयव्ही, ल्युकेमिया दोन्ही निगेटिव्ह. मागच्या उजव्या पायावर केस नाहीत, पळताना किंचित लंगडते, दुखत नाही. वाळूचा ट्रे वापरते, लाकूड कटाईचा भुसा टाकला तरी चालतो. मांडीवर बसते, रात्री उशाशी झोपते, परका माणूस आला तरी लपत नाही. दुसरं मांजर अजिबात चालत नाही. आज नाही, उद्या नाही, पिल्लूसुद्धा नाही. पुढं कधी दुसरं मांजर आणायचा विचार असेल तर हिला नेऊ नका. नाही जमलं तर रात्री-बेरात्री कधीही मला फोन करायचा, मी येऊन नेईन, कुठंही सोडायची नाही.


विष्णुपुरी_बाग
२१ एप्रिल, दुपारी २.४५

आम्हाला आवडेल. नांदेडला राहतो, मी, बायको आणि ११ वर्षांचा मुलगा. घरात एकही मांजर नाही, कुत्रा नाही. मुलगा कधीपासून मागं लागलाय. फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत.


वसमत_रोड
२४ एप्रिल, रात्री ९.३०

आज पहाटेच्या गाडीनं नांदेडला सोडून आले. ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून साडेपाचला निघालो, टोपलीवर ओलं फडकं. घर छान आहे, माणसं चांगली आहेत. मुलानं तिच्यासाठी खोक्याचं घर करून ठेवलं होतं, त्यावर नाव लिहून.

घरी आले तर चिंगी कपाटावरच होती, पण मी जेवायला बसले तेव्हा उतरून आली आणि माझ्या ताटाशेजारी बसली. मला घास गिळेना, इकडं आनंद आणि तिकडं ती पोरगी नवीन घरात.


विष्णुपुरी_बाग
२९ एप्रिल, रात्री ८.१५

वाईट बातमी आहे. हुरडी चावली. मला, पोटरीला, खोल. दोष तिचा नाही, आमचाही म्हणता येणार नाही, पण सांगायला हवं.

ताईंनी विचारलं होतं घरात मांजर आहे का, मी नाही म्हणलं, ते खरं होतं. पण खालच्या भाडेकरूंचा एक बोका आहे, तो संध्याकाळी आमच्या खिडकीच्या छज्जावर येऊन बसतो. आम्हाला त्याची इतकी सवय की ते सांगायचं डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ती खिडकीशी बसून शेपटी आपटायची. आज बोका जाळीपाशी आला, तिनं जाळीवर झेप घेतली, मी तिला मागं घ्यायला गेलो आणि तिनं वळून माझा पाय धरला. मुलगा होता समोर. तो तिला रागावला नाही, पण आता त्या खोलीत जात नाही.


उदगीर_व्हेट
२९ एप्रिल, रात्री ८.२५

दादा, आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावू नका. आणि आजच सरकारी दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथं मोफत मिळते. हुरडीला लस दिलेली आहे हे सांगा, पण डॉक्टर सुरू करा म्हणले तर डोस अर्धवट सोडू नका. मांजरावर १० दिवस लक्ष ठेवायचं. मांजराचा चावा बारीक दिसतो पण दात खोल जातात आणि आत पू होतो, अँटिबायोटिकचंही विचारून घ्या.

ज्याच्यावर राग आहे तो जाळीपलीकडं, हाताला येत नाही, मग जवळ जो असेल त्याच्यावर निघतो. मांजरांत हे नेहमी दिसतं. त्या क्षणी तिनं तुम्हाला ओळखलेलंही नसतं. अशा वेळी हात घालायचा नाही, मध्ये उशी किंवा पुठ्ठा धरायचा, खोलीत अंधार करून बाहेर यायचं.


वसमत_रोड
२९ एप्रिल, रात्री ८.४०

दादा मी उद्या पहाटे येते. तुमची आणि मुलाची हात जोडून माफी मागते. चूक माझी आहे. "घरात मांजर आहे का" एवढंच विचारलं. छज्जावर, गच्चीवर, अंगणात, शेजारी, जिन्यात कुणाचं मांजर फिरतं का, हे विचारायलाच हवं होतं मला, तिचा सगळा प्रश्न तोच तर आहे. दवाखान्याचा खर्च मी देणार, नाही म्हणू नका.


विष्णुपुरी_बाग
२९ एप्रिल, रात्री ११.३०

लस घेऊन आलो. खर्च काही झाला नाही. माफी मागू नका ताई. बायको म्हणते या घराला खिडकी नसती तर हिला कुठंच जाऊ दिलं नसतं.


मोंढा_गाळा
४ मे, रात्री ९.५०

वसमत रोडच्या ताई, हुरडी सध्या कुठंय? माझी मोठी बहीण सेलूत राहते, आम्ही अक्का म्हणतो. ६८ वर्षांची, एकटी. पोरं पुण्याला. १७ वर्षांची मांजर होती तिची, मागच्या दिवाळीत गेली, तेव्हापासून अक्काचं जेवणावर लक्ष नाही. मी तुमचा हा धागा तिला फोनवर वाचून दाखवला, पहिल्यापासून, माझा तो मोंढ्याचा सल्लासुद्धा, त्यावरनं शिव्या खाल्ल्या. मग म्हणली आण तिला.

तुमच्या चुकीवरनं शिकून मी आजूबाजूचं विचारलं. घराला उंच भिंतीचं आवार, गल्लीत कुत्री आहेत म्हणून मांजरं फिरकत नाहीत, शेजारी दोन्हीकडं विचारून आलो स्वतः, कुणाकडं मांजर नाही. एक मात्र सांगतो, लपवत नाही. अक्का माळकरी आहे. घरात अंडं सुद्धा येत नाही.


लातूर_औसा_नाका
४ मे, रात्री १०.३०

मग कसं जमणार? मांजर दूध-भाकरीवर जगत नाही हो. देऊ नका ताई, आधीच त्या लेकरानं काय काय बघितलंय.


उदगीर_व्हेट
५ मे, सकाळी ७.००

ही शंका बरोबर आहे. मांजराला मांस लागतंच, त्यातलं टॉरिन नावाचं द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे जातात. मोठ्या मांजरांतल्या बहुतेकांना दूध पचतही नाही, हगवण लागते. पण आधीची १७ वर्षं जगली ना दादा? ती काय खायची?


मोंढा_गाळा
५ मे, दुपारी १२.२०

विचारलं. जुन्या मांजरीला शेजारच्या घरातनं रोज वाटी यायची, वर गोदामात उंदीर धरायची. हुरडीला आत कोंडून ठेवायचं म्हणल्यावर ते नाही जमणार हे अक्काला कळतंय. तिचंच वाक्य सांगतो, "माळ माझ्या गळ्यात हाय, तिच्या नाही. पाकिटातलं आणा, ताटली वेगळी, चमचा वेगळा, ओसरीच्या नळावर धुवीन. शिजवायला मात्र सांगू नका." पाकिटाचे पैसे मी देणार कायमचे, हे इथं सगळ्यांसमोर लिहितो.


शहागंज_कॉर्नर
५ मे, दुपारी १२.४५

अक्कांना माझा सलाम सांगा. द्या ताई, डोळे झाकून द्या.


वसमत_रोड
१० मे, रात्री १०.१५

डोळे उघडे ठेवूनच दिली. आधी एकटी जाऊन आले मंगळवारी, आवार बघितलं, गच्चीचा जिना बघितला, शेजारच्या काकूंशी बोलले. घर जुनं, माळवदाचं, आत गारवा इतका की बाहेर ४२-४३ असताना आत पंखा पुरतो. देवघराशेजारची खोली हुरडीला. दाराला आतनं बाहेरनं दोन्ही कड्या. अक्कांना सांगितलं पहिले तीन आठवडे ही खोलीच तिचं जग, अंगणात सोडायची नाही, नाहीतर ती जुन्या ठिकाणाच्या वासानं निघून जाईल. त्या म्हणल्या बाई मी नवीन सून आल्यावर पण तिला तीन आठवडे शेतात धाडलं नव्हतं.

माझी जुनी साडी ठेवून आलेय तिच्याजवळ. आज सकाळी सोडली.


मोंढा_गाळा
१२ मे, सायंकाळी ७.००

दिवाणाखाली बसलीय. खात नाही. अक्का घाबरलीय.


उदगीर_व्हेट
१२ मे, सायंकाळी ७.२०

ओढून काढू नका. पण पोटात काहीच नाही असे दोन-तीन दिवस गेले तर मांजराच्या यकृतावर चरबी चढते, ते अवघड होतं. ओलं पाकीट कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून गरम करा म्हणजे वास सुटतो. ताटली दिवाणाखालीच सरकवा, अक्कांनी खोलीत बसावं पण तिच्याकडं बघू नये. उद्या रात्रीपर्यंत नाही खाल्लं तर डॉक्टर.


मोंढा_गाळा
१३ मे, सकाळी ६.०५

रात्री अक्का खोलीत खाली बसून हरिपाठ म्हणत होती, ताटलीकडं पाठ करून. म्हणती मागं चाटल्याचा आवाज आला पण मी वळले नाही, सगळे अभंग पुरे केले. ताटली स्वच्छ.


नांदेडची_माय
१३ मे, सकाळी ६.३०

सकाळी सकाळी रडवलं तुम्ही.


वसमत_रोड
१५ जून, रात्री ९.४०

बरेच जण विचारायलेत म्हणून. पाच आठवडे झाले. हुरडी आता खोलीतनं ओसरीवर येते, अक्का असल्या तरच, आणि रात्री आत. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी वीज कडाडली तशी अक्कांच्या पदराखाली शिरली म्हणे. वजन २ किलो ९०० होतं, आता ३ किलो ४००, किराणा दुकानाच्या काट्यावर केलंय पण चालतंय. रात्री झोपते पूर्ण, पहारा नाही कुठला. अक्का जेवायलात दोन्ही वेळा.

इकडं चिंगीच्या पोटावर केस यायलेत. कपाटावर मी पाटी-पुस्तकं ठेवलीत परत. गोट्याला डॉक्टरांनी लघवीचं वेगळं खाणं सांगितलंय, पाणी जास्त पाजायचं, तीन महिने झाले की परत तपासणी.

नांदेडच्या दादांच्या मुलानं चिठ्ठी पाठवली हुरडीसाठी, मी अक्कांकडं दिली, ती देवघरात ठेवलीय.


विष्णुपुरी_बाग
१५ जून, रात्री १०.०५

मुलगा म्हणतोय दिवाळीच्या सुट्टीत सेलूला जाऊ या. चालेल का अक्कांना?


मोंढा_गाळा
१५ जून, रात्री १०.२०

विचारायचं काय त्यात, अक्का वाटच बघायलीय सगळ्यांची. बरं ताई, पाकिटं संपत आलीत. सेलूत तो माशाचा प्रकार मिळेना, दुसरं दिलं तर वास घेऊन बाजूला होती. परभणीहून कोणी यायलंय का इकडं?


वसमत_रोड
१५ जून, रात्री १०.२४

मीच येतेय रविवारी सकाळच्या गाडीनं. डझनभर आणते. अक्कांना सांगा जेवायला थांबणार आहे.